डिस्चार्जनंतरच्या वर्षांचं काय?

खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
आणि कोकणातल्या जिल्ह्यांचे सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय : हायड्रोसेफलससाठी (डोक्यात पाणी होणे) दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्या मुलांची जिल्ह्यात नोंद ठेवणे व त्यांचा कायमचा पाठपुरावा

महोदय,

मी सिंधुदुर्गात लहान मुलांचा डॉक्टर आहे. न्यूरोसर्जन नव्हे. डोक्यात पाणी झालेल्या मुलाशी माझी गाठ ऑपरेशनच्या आधी पडते आणि ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं पडत राहते. मधले आठ-दहा दिवस तेवढे मुंबईचे, कोल्हापूरचे, बेळगावचे नाहीतर गोव्यातल्या बांबोळीचे. सरकारदरबारी जी नोंद होते ती त्या मधल्या दिवसांची. हे पत्र उरलेल्या वर्षांबद्दल आहे.

आपल्यापैकी डॉक्टर नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत रोज साधारण ५०० मिलिलिटर पाणी तयार होतं. एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून मोठ्या माणसाच्या अंगात ते १५० मिलिलिटरच्या आसपास असतं, म्हणजे दिवसातून तीनदा तरी बदलतं. वाट कुठे अडली की ते साठतं, पोकळ्या फुगतात आणि मेंदू कवटीकडे दाबला जातो. तान्ह्या बाळाची टाळू उघडी असते म्हणून डोकं वाढतं. मोठ्या मुलाची कवटी वाढत नाही, त्यामुळे डोकं दुखतं, सकाळी उठल्या उठल्या उलटी होते, नजर जाते, मूल गुंगीत जातं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला शंट, म्हणजे मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून पोटापर्यंत नेलेली नळी, मध्ये एक व्हॉल्व्ह. दुसरा दुर्बिणीचा, कागदावर ईटीव्ही. कपाळाच्या वर, केसांच्या रेषेच्या मागे कवटीला एक भोक पाडून दुर्बीण आत घालतात, तिसऱ्या पोकळीच्या पातळ तळाला छिद्र करतात आणि छोट्या फुग्याने ते काही मिलिमीटर रुंद करतात. वायंगणाचा पाट तुंबला की बांध थोडा फोडून पाणी दुसऱ्या वाटेने सोडतात, तसंच. अंगात नळी राहत नाही, व्हॉल्व्ह राहत नाही. कल्पना जुनी आहे. १९२३ मध्ये बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर यांनी मूत्रमार्ग तपासायची दुर्बीण वापरून एका बाळावर हे केलं होतं. पुढे १९५०च्या दशकात व्हॉल्व्हचे शंट आले आणि दुर्बीण मागे पडली. चांगले कॅमेरे आल्यावर १९९०च्या दशकात ती परत आली.

आता निकालांकडे येतो, कारण माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

शंटचं दुखणं असं की तो बंद पडतो. १९९८ मध्ये ३४४ मुलांवर निरनिराळ्या व्हॉल्व्हची तुलना झाली, तेव्हा वर्षअखेर साधारण ६१ टक्के शंट चालू होते आणि दोन वर्षांनी ४७ टक्के. व्हॉल्व्ह कोणताही घ्या, फरक फारसा पडला नाही. पुढेही दरवर्षी काही बंद पडतच राहतात. दुर्बिणीचं गणित उलटं आहे. ते फसायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच फसतं. त्यातून जे मूल तरतं त्याला पुढे शंटवाल्या मुलापेक्षा धोका कमी. टोरांटोच्या डॉ. कुलकर्णींनी (आडनाव आपल्या ओळखीचं) २०१० मध्ये दोन्ही गटांची सांगड घालून दाखवलं की पहिले तीनेक महिने दुर्बीण मागे असते आणि त्यानंतर ती पुढे सरकत जाते.

दुर्बीण कुणाला लागू पडेल याचा अंदाजही त्याच डॉक्टरांच्या गटाने २००९ मध्ये एका साध्या गुणपत्रिकेत बसवला. मुलाचं वय, पाणी अडण्याचं कारण आणि आधी शंट घातला होता का, एवढ्या तीनच गोष्टींचे गुण. सहा वर्षांचं मूल, मेंदूतली अरुंद नलिका जन्मतःच अडलेली, आधी शंट नाही, तर ४० अधिक ३० अधिक १० म्हणजे ८०. सहा महिन्यांनी ऑपरेशन टिकून असण्याची शक्यता साधारण ८० टक्के. तेच दोन महिन्यांचं बाळ, मेनिंजायटिसनंतर (मेंदूच्या आवरणाला सूज) पाणी झालेलं, तर १० अधिक शून्य अधिक १०. वीस. हा हिशेब आईबापांना कागदावर मांडून दाखवायला पाच मिनिटं लागतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तो कुणी दाखवलेला नसतो. ‘दुर्बिणीने केलंय, आता काळजी नाही’ एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

कोकणासाठी दुर्बीण महत्त्वाची का, हे युगांडाने आधीच सांगून ठेवलंय. बेंजामिन वॉर्फ नावाचे अमेरिकन सर्जन तिथे म्बाले गावातल्या इस्पितळात काम करत होते. त्यांचा मुद्दा असा होता की ज्या बाळाचं घर न्यूरोसर्जनपासून दिवसभराच्या वाटेवर आहे, त्याच्या डोक्यात बंद पडणारी नळी ठेवणं हाच धोका आहे. ती बंद पडली तर मूल वाटेतच जाईल. म्हणून त्यांनी लहान बाळांत छिद्रासोबत पाणी तयार करणारा कोरॉइड प्लेक्ससही जाळायला सुरुवात केली, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळांत नुसत्या छिद्रापेक्षा हे जास्त टिकतं असं २००५ मध्ये दाखवलं. पुढे युगांडातल्याच १०० बाळांवर चिठ्ठ्या टाकून शंट आणि दुर्बीण यांची तुलना झाली. २०१७ मध्ये छापून आलेला निकाल असा की वर्षभराने मुलांच्या बौद्धिक वाढीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

म्बालेच्या जागी वैभववाडी, मंडणगड नाहीतर म्हसळा वाचून बघा. पावसात घाटात दरड आली की कोल्हापूर बंद. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही, आपणही त्याच रस्त्याने येता. रात्री दोन वाजता शंट बंद पडलेलं मूल घेऊन निघालेल्या बापाला मी काय सांगायचं? तेव्हा जिथे गुण चांगले पडतात तिथे आमच्या मुलांसाठी दुर्बीणच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण दुर्बिणीचं छिद्र बंदही होतं. बहुतेक वेळा लवकर, क्वचित फार उशिरा. जखम भरावी तसा त्यावर पडदा धरतो. पाच वर्षांनी, आठ वर्षांनी, सगळं सुरळीत चाललेलं असताना पाणी पुन्हा अडतं, आणि कधी कधी काही तासांत मूल हाताबाहेर जातं. टोरांटोच्याच डॉ. ड्रेक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जगभरातल्या अशा मोजक्या केसेस एकत्र मांडल्या. त्यांतली बरीच मुलं दगावली होती. हे दुर्मीळ आहे, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर हे पत्र वाचून एखादी आई मुलाला शाळेतच पाठवायची नाही. पण दुर्मीळ असलं तरी ते वेळेत ओळखलं तर दुरुस्त होतं, आणि ओळखायचं कुणी, याचं उत्तर आज आपल्या व्यवस्थेत नाही.

माझ्या दवाखान्यातली एक मुलगी सांगतो. नववीत होती. पाचव्या वर्षी दुर्बिणीचं ऑपरेशन झालेलं, त्यानंतर अभ्यासात बरी, खो-खोत पुढे. डोकं दुखायला लागलं तेव्हा एका ठिकाणी पित्ताचं औषध मिळालं, दुसरीकडे चष्मा बदलून मिळाला. दोन्हीकडे जुन्या ऑपरेशनचा विषय निघाला नाही. आईला ते सांगण्यासारखं वाटलं नाही, कारण ‘ता कधीच बरा झाला’. माझ्याकडे ती धाकट्या भावाच्या खोकल्यासाठी आली होती. निघता निघता आई म्हणाली, ‘डॉक्टरांनू, ही हल्ली फळ्याकडे मान वाकडी करून बघता.’ मुलीला माझ्या बोटाकडे बघायला सांगितलं. डावा डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नव्हता. डोक्यातला दाब वाढला की सहावी नस अशी सुटते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, आणि त्या टाळायला मूल मान वळवून बघतं. केस बाजूला केले तर कपाळाच्या वर जुना व्रण. त्याच दिवशी सीटी केला, रात्रीच्या गाडीने रवानगी, छिद्र पुन्हा उघडलं. आज ती कॉलेजात आहे. भावाला खोकला झाला नसता तर काय, असा विचार मी फार वेळ करत नाही.

सीटीची गंमतही सांगायला हवी. गंमत म्हणजे वैताग. ईटीव्ही यशस्वी झालेल्या मुलाच्या पोकळ्या बऱ्याचदा मोठ्याच राहतात. मूल ठणठणीत, पण सीटीत पोकळ्या फुगलेल्या. त्यामुळे आजचा एकटा सीटी बघून छिद्र बंद झालंय का, हे सांगता येत नाही; तो मूल बरं असतानाच्या जुन्या सीटीशेजारी धरावा लागतो. आणि जुना सीटी कुठे असतो? फिल्मच्या पिवळ्या पाकिटात, पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर नाहीतर खुंटीला. चार पावसाळे गेले की आत ओल धरते, फिल्म एकमेकींना चिकटतात, सोडवायला जावं तर काळा थर सोलून हातात येतो. डिस्चार्ज कार्डावर बुरशीचे ठिपके, शाई पसरलेली, सर्जनची सही तेवढी शाबूत. या ओल्या कागदांवरून मला ठरवायचं असतं की हे मूल आज रात्री घाटापलीकडे पाठवायचं की नाही.

आता मूळ प्रश्न. कोकणातल्या ज्या मुलांवर गेल्या वीस वर्षांत हे ऑपरेशन झालं, त्यांतली किती आज धडधाकट आहेत? किती शाळेत टिकली, किती जणांची नजर गेली, किती जणांना फिट येतात, किती गेली? उत्तर कुणाकडेच मिळणार नाही, आणि त्यात एकट्या कुठल्या इस्पितळाचा दोष नाही. आमची मुलं चार दिशांना जातात. बेळगाव कर्नाटकात, बांबोळी गोव्यात. तिथल्या नोंदी महाराष्ट्राच्या कुठल्याच यादीत येत नाहीत. मुंबईला ऑपरेशन होतं तेव्हा बाप परळ-लालबागला कामाला असतो, पत्ता तिथला लिहिला जातो, आणि दोन महिन्यांनी आई मुलाला घेऊन गावी येते. इस्पितळाच्या वहीत वर्षभराने शेरा पडतो, ‘फॉलोअपला आला नाही.’ तो मुलगा इथे आंब्याच्या पेट्या भरायला हात लावत असतो. किंवा नसतोही. त्या शेऱ्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही.

न येण्याची कारणं मी रोज ऐकतो. तिकीट मिळालं नाही. मजुरी बुडते. सासू आजारी. मूल तर बरं आहे, मग कशाला? गणपतीच्या आठवड्यात फॉलोअपची तारीख देणारा डॉक्टर कोकणातला नसतो, हेही एक. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्यातून खूप गरिबांची ऑपरेशनं झाली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण योजनेचा हिशेब दाखल होण्यापासून सुरू होतो आणि डिस्चार्जनंतर फार तर वर्षभर चालतो. सातव्या वर्षी एमआरआयसाठी मुंबईला जायचं तर तिकिटाचे पैसे, राहायची सोय आणि दोन दिवसांची मजुरी आईबापांच्याच खिशातून.

या मुलांना शोधायला नवी यंत्रणा लागणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आमच्याच उत्तर कोकणात, पालघरला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. तपासणीच्या ३० आजारांत मणक्याचा जन्मजात दोष आहे, आणि त्या दोषाच्या कित्येक मुलांच्या डोक्यात पाणी होतंच. पथकाने शाळेत फक्त एवढं विचारावं, ‘डोक्याचं ऑपरेशन झालंय का कुणाचं?’ वर्गशिक्षक नाव सांगतील. आमच्या वाडीवरच्या आशाताईंना तर विचारायचीही गरज नाही. कुणाच्या पोराच्या डोक्यावर व्रण आहे, कधीचा आहे, खर्चाला गाय कुणी विकली, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. एका महिन्यात अख्ख्या जिल्ह्याची यादी तयार होईल. ऑपरेशन मुंबईत झालं, गोव्यात झालं की बेळगावला, याने काही अडत नाही. मूल जिथे राहतं तिथे नाव चढवायचं.

यादी झाली की वर्षातून एकदा त्या मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांचे दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, बोलवावं. तिथे मोठं काही करायचं नाही. नेत्रतज्ज्ञाने पडद्यामागची नस सुजलीय का ते बघावं. शाळेतले गुण अचानक घसरलेत का, चालताना तोल जातो का, हे विचारावं. मुलीची पाळी वेळेआधी सुरू झाली का, हेही. या आजारात तसं होतं आणि कुणी विचारत नाही. जुना सीटी एकदाच स्कॅन करून मुलाच्या आभा क्रमांकाशी (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) जोडून ठेवावा, म्हणजे माळ्यावरची पिशवी भिजली तरी बिघडत नाही. आणि आईच्या हातात एक कार्ड द्यावं, लॅमिनेट केलेलं, मराठीत: या मुलाच्या मेंदूत छिद्र केलेलं आहे, ते बंद होऊ शकतं, सलग डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, गुंगी किंवा तिरळेपणा दिसला तर आधी सीटी, मग बाकीचं. ताप आणि उलट्या बघून एखादा नवा डॉक्टर मेनिंजायटिस समजून पाठीत सुई घालायला निघाला, तर तेच कार्ड त्याला थांबवेल. पाणी अडलेल्या मेंदूत पाठीतून पाणी काढणं जीवघेणं ठरू शकतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि १०८च्या गाडीवरच्या डॉक्टरांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पुरे. उपजिल्हा रुग्णालयातलं सीटी मशीन रात्री चालू राहावं, तंत्रज्ञ नाही म्हणून कुलूप नको. घाटापलीकडे पाठवायचं ठरलं तर पलीकडच्या न्यूरोसर्जनचा नंबर गाडीत असावा, निघण्याआधी बोलणं झालेलं असावं.

एक खर्च मात्र वाढेल, तो लपवत नाही: प्रवासाचा. पाठपुराव्यासाठी मूल आणि एका पालकाचं रेल्वे-एसटीचं तिकीट योजनेने द्यावं, शेजारच्या राज्यात जावं लागलं तरीही. गोव्याने २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीच्या लोकांची कशी धावपळ झाली होती, हे आपल्या विभागाला आठवत असेल. त्या पट्ट्यातल्या लोकांना मुंबई दाखवणं म्हणजे रोग्याला भूगोल शिकवणं. कर्नाटक आणि गोव्याशी करार करून निदान या मुलांच्या नोंदी परत मिळाव्यात, एवढं तरी व्हावं.

आणि ही यादी दहा वर्षं नीट चालली, तर कोकणातल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांचा खरा निकाल आपल्या हाती येईल. युगांडाकडे आणि टोरांटोकडे त्यांचे आकडे आहेत. आमच्याकडे टीबी मेनिंजायटिसनंतर पाणी झालेली मुलं असतात, पोकळीचा तळ जाड झालेला, दुर्बिणीला अवघड. त्यांच्यात छिद्र किती टिकतं, हे आमच्याच नोंदींतून कळेल. सर्जनलाही ते हवं असतं. मी ज्यांच्याकडे मुलं पाठवतो त्यांतले एक मला दर दिवाळीला फोन करून विचारतात, ‘ती तुमची देवगडची पोरगी कशी आहे?’ त्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही.

माझ्याकडे माझ्या मुलांची वही आहे, हातानेच लिहिलेली. नावं गुप्त ठेवून ती द्यायला मी तयार आहे. रत्नागिरी-रायगडचे माझे काही मित्रही देतील. ओरोसला जिल्हा रुग्णालयात या विषयावर बैठक लावलीत तर दवाखाना बंद ठेवून येईन. फक्त बाजाराचा दिवस धरू नका, त्या दिवशी चार गावांची पोरं माझ्या ओसरीवर असतात.

आपला,
सिंधुदुर्गातला एक बालरोगतज्ज्ञ